येसचा ‘९०१२५’ कसा ऐकावा : प्रोग रॉक बँडच्या पॉप आल्बमसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

सत्तरच्या दशकात येस या इंग्लिश बँडचं नाव निघायचं ते वीस-वीस मिनिटांच्या रचनांसाठी. अशा लांब, गुंतागुंतीच्या रॉकला प्रोग (प्रोग्रेसिव्ह) रॉक म्हणतात. याच बँडचं साडेचार मिनिटांचं एक गाणं जानेवारी १९८४मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणं होतं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ आणि आल्बम ‘९०१२५’. येसचं दुसरं कुठलंही गाणं अमेरिकेत त्या जागेवर पोचलेलं नाही.

तेव्हापासून या आल्बमबद्दल दोन मतं ऐकू येतात. जुने चाहते म्हणतात, बँडने स्वतःला विकलं. ज्यांना हे एकच गाणं ठाऊक आहे, ते म्हणतात, ऐंशीच्या दशकातला छान पॉप. मला ही दोन्ही मतं अर्धवट ऐकून बनलेली वाटतात. मीही आधी पहिल्या बाजूलाच होतो. येसचा जुना ‘क्लोज टू द एज’ पाठ झाल्यावर हा आल्बम लावला आणि तिसऱ्या गाण्याच्या आत बंद केला. पुढे एका पावसाळ्यात हेडफोन लावून, हाताने मात्रा मोजत तो ऐकला, तेव्हा कळलं की या मंडळींनी गुंतागुंत टाकून दिलेली नाही, तिची जागा बदलली आहे. आधी ती रचनेच्या लांबीत होती. इथे ती आवाजांच्या थरांत, ठेक्याच्या सांध्यांत आणि स्टुडिओतल्या कामात आहे.

त्या जागा कानाला कशा सापडतील, ते पुढे सांगतो. साधारण तीन संध्याकाळी हाताशी ठेवा. वाद्य वाजवता येत नसलं तरी चालेल. टाळी देता आली की पुरे.

पायरी १ : आधी गोष्ट समजून घ्या

ही गोष्ट माहीत नसली, तर आल्बममधल्या अर्ध्या गोष्टी विनाकारण केल्यासारख्या वाटतात.

१९८०मध्ये गायक जॉन अँडरसन आणि कीबोर्डवादक रिक वेकमन यांनी येस सोडलं. त्यांच्या जागी आले ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाऊन्स. हे दोघे म्हणजे ‘बगल्स’ ही पॉप जोडी. १ ऑगस्ट १९८१ला एमटीव्ही ही गाण्यांच्या व्हिडिओंची वाहिनी सुरू झाली तेव्हा पहिला व्हिडिओ लागला तो यांच्याच गाण्याचा. या दोघांना घेऊन येसने ‘ड्रामा’ हा आल्बम केला, दौरा केला आणि त्यानंतर बँड मोडला. गिटारवादक स्टीव्ह हाऊ आणि डाऊन्स ‘एशिया’ या नव्या बँडमध्ये गेले. हॉर्नने गाणं बाजूला ठेवलं आणि तो निर्माता झाला. १९८२मध्ये एबीसी या बँडचा ‘द लेक्सिकन ऑफ लव्ह’ त्याने घडवला. ब्रिटिश पॉपमध्ये स्वच्छ, महागडा, चकचकीत आवाज म्हणजे काय, हे त्या आल्बमने ठरवून टाकलं.

मागे राहिले बेसवादक ख्रिस स्क्वायर आणि ड्रमर अ‍ॅलन व्हाईट. लेड झेपेलिनच्या जिमी पेजसोबत त्यांनी काही जमतंय का ते पाहिलं, पण ते पुढे गेलं नाही. मग त्यांना ट्रेव्हर रॅबिन भेटला. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेला हा गिटारवादक गातही होता, कीबोर्डही वाजवत होता आणि त्याच्याकडे स्वतःच्या गाण्यांची पेटी तयार होती. येसचा अगदी पहिला कीबोर्डवादक टोनी के यालाही बोलावलं. या चौघांच्या बँडचं नाव ठरलं ‘सिनेमा’. हे येस नव्हतं आणि येस करायचा कुणाचा विचारही नव्हता. निर्माता म्हणून आला ट्रेव्हर हॉर्न, म्हणजे तीन वर्षांपूर्वी याच मंडळींचा गायक असलेला माणूस.

लंडनच्या सार्म स्टुडिओत बरंचसं काम झाल्यावर स्क्वायरने जॉन अँडरसनला टेप ऐकवली. अँडरसनने गायचं कबूल केलं, काही ठिकाणी शब्द आणि चाली बदलल्या आणि त्याचा आवाज लागताच हा बँड पुन्हा येस झाला. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे सहाव्या पायरीला तो कामी येणार आहे. आधी गाणी तयार झाली आणि येस हे नाव नंतर आलं.

‘९०१२५’ हा तबकडीचा कॅटलॉग क्रमांक. मुखपृष्ठही तितकंच उघडंबोडकं आहे. येसच्या आधीच्या मुखपृष्ठांवरची, चित्रकार रॉजर डीनची तरंगणारी बेटं आणि अद्भुत डोंगर गेले, राखाडी पार्श्वभूमीवर संगणकावर काढलेलं एक चिन्ह आलं. आल्बम बाजारात आला ७ नोव्हेंबर १९८३ला.

पायरी २ : कान तयार करा

थेट ‘९०१२५’ लावू नका. आदल्या दिवशी १९७२चा ‘क्लोज टू द एज’ ऐका. पूर्ण वेळ नसेल तर निदान पहिल्या बाजूवरची त्याच नावाची रचना ऐका. ती पावणेएकोणीस मिनिटांची आहे. तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा : स्क्वायरचा बेस मागे न राहता पुढे येऊन बोलतो, दोन-तीन आवाज एकमेकांत विणले जातात, आणि ठेका मध्येच एखादी मात्रा खाऊन किंवा वाढवून पुढे निघतो. याच तीन खुणा उद्या शोधायच्या आहेत.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७३मध्ये याच बँडने ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा दोन तबकड्यांचा आल्बम काढला. त्यात फक्त चार रचना, एका बाजूला एक. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटिपेत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र या चार प्रकारच्या शास्त्रांचा उल्लेख आहे. ती टीप अँडरसनने वाचली आणि त्यावरून हा ऐंशी मिनिटांचा घाट घातला गेला. तो आल्बम आज ऐकायची गरज नाही. पण दहा वर्षांत हा बँड कुठून कुठे आला, ते अंतर या एका उदाहरणावरून मोजता येतं.

पायरी ३ : आवृत्ती आणि साधन

मूळ आल्बममध्ये नऊ गाणी आहेत. २००४च्या आवृत्तीत त्यापुढे जादा तुकडे जोडले आहेत. स्ट्रीमिंगवर बहुधा तीच समोर येते. पहिल्या ऐकण्यात ‘हार्ट्स’ संपलं की थांबा. जादा तुकडे पुढच्या पायऱ्यांत लागणार आहेत, पण तेव्हाच. शफल बंद ठेवा.

फोनच्या स्पीकरवर हा आल्बम ऐकू नका, असं मी आग्रहाने सांगेन. हॉर्न आणि त्याचा ध्वनिमुद्रक गॅरी लँगन यांनी डाव्या-उजव्या कानात आवाज कुठे ठेवायचा यावर जीव ओतला आहे आणि एका स्पीकरमध्ये ते सगळं चेपून जातं. महाग हेडफोन लागत नाहीत. कानावर नीट बसणारे, तारेचे साधे हेडफोनही चालतील. बेस वाढवणारं सेटिंग असेल तर बंद करा, नाहीतर स्क्वायरचा बेस नुसता गुरगुरेल, बोलणार नाही.

एक वही घ्या. ती चौथ्या आणि पाचव्या पायरीला लागेल.

पायरी ४ : एक गाणं, चार वेळा

पहिल्या संध्याकाळी आल्बम सलग ऐका, काही न लिहिता. चौथ्या गाण्यानंतर, म्हणजे ‘चेंजेस’ संपल्यावर, पाच मिनिटं थांबा. तिथे तबकडी उलटायची जागा होती. दोन्ही बाजू साधारण बावीस-बावीस मिनिटांच्या आहेत आणि गाण्यांचा क्रम त्या विश्रांतीचा विचार करून लावलेला आहे. दुसरी बाजू ‘सिनेमा’ या वादनाच्या तुकड्याने उसळी घेत सुरू होते. मध्ये थांबला नाहीत तर ती उसळी वाया जाते.

दुसऱ्या संध्याकाळी फक्त ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ घ्या. या एका गाण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण आल्बमची सगळी रीत त्यात आहे. ते चार वेळा ऐका, दर वेळी कान एकाच गोष्टीवर ठेवून.

पहिल्या वेळी फक्त जागा ऐका, म्हणजे आवाज किती मोठ्या खोलीत वाजतोय ते. सुरुवातीला ड्रमचा एक स्फोट होतो आणि मागोमाग गिटार भरगच्च, फाटक्या आवाजात येते. काही आवर्तनांनंतर एकदम सगळं बारीक होतं. गिटार पातळ, ड्रम कोरडा, जणू मैदानातला बँड कुणी माजघरात आणून बसवला. वाजतं जवळपास तेच, खोली बदलते. जुन्या येसने हा बदल करायला नवा भाग रचला असता, एखादं मिनिट घेतलं असतं. इथे तो एका ठोक्यात होतो.

दुसऱ्या वेळी फक्त ड्रम. गाणं सरळ चार मात्रांचं आहे, हाताने टाळी देत राहा, हात चुकणार नाही. व्हाईटचा स्नेअर, म्हणजे ड्रमसंचातला करकरीत आवाजाचा ड्रम, टणक आणि उंच सुराचा लावलेला आहे. याच व्हाईटने सत्तरच्या दशकात काय काय वाजवलंय ते ऐकलेल्या माणसाला हा ठेका गरीब वाटतो. पण टाळी चालू ठेवून ऐका : मध्येच घुसणारे तुकडे, वाद्यवृंदाचे चाबकासारखे फटके, उलटे-सुलटे आवाज, हे सगळे टाळ्यांच्या मधल्या फटीत बसवलेले आहेत. सरळ ठेका असल्याशिवाय हे फटके चमकले नसते. पान कोरं ठेवलं म्हणून शाई दिसते.

तिसऱ्या वेळी हेच घुसलेले आवाज. त्या काळी ध्वनीचा तुकडा टिपून तो पट्टीवर वाजवणारी यंत्रं नुकतीच आली होती. ऑस्ट्रेलियात बनलेलं फेअरलाईट हे त्यातलं प्रसिद्ध यंत्र, आणि त्याची किंमत सामान्य संगीतकाराच्या आवाक्याबाहेर होती. गाण्याच्या मध्याला गायन थांबतं आणि ड्रमचा एक वेगळाच, धुळकट तुकडा येतो. तो फंक इंक. या अमेरिकन बँडच्या १९७१च्या रचनेतून उचललेला आहे. दुसऱ्याच्या तबकडीवरचा ठेका उचलून आपल्या गाण्यात बसवणं पुढे हिप-हॉपचा पायाच झालं. लोकप्रिय गाण्यांत ते अगदी सुरुवातीला ज्या गाण्यांत झालं, त्यांत हे एक आहे, आणि ते एका प्रोग रॉक बँडचं आहे. उलटही घडलं. याच मुद्रणाच्या वेळचे व्हाईटचे, वापरात न आलेले ड्रम त्या यंत्रात भरून हॉर्नच्या चमूने ‘आर्ट ऑफ नॉइझ’ हा नवाच प्रकल्प उभा केला. म्हणून या आल्बमला पॉपची नक्कल म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुढची काही वर्षं पॉपच यांच्या मागून चाललं.

चौथ्या वेळी फक्त गिटारचा सोलो. आपल्या कानाला इथे एक फायदा आहे. रॅबिनने गिटारच्या आवाजाला एका यंत्राने वरचा पंचम जोडला आहे. तो जो सूर वाजवेल, त्याच्यापासून पाचवा सूर त्याच क्षणी सोबत वाजतो. तानपुऱ्यातली सा-प जोडी लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला हे नाव न सांगता कळतं. फरक इतकाच, की तानपुऱ्यात ही जोडी जागेवर उभी असते, इथे ती सुरासुरावर धावते. सोलो लहान आहे. दहा वेळा ऐकूनही मला तो वाढवावासा वाटलेला नाही.

हे चारही फेरे झाल्यावर वहीत एकच गोष्ट लिहा : गाण्यात किती वेळा खोली बदलली. मोजणी चुकली तरी चालेल, मोजायला लागलात की पुढच्या गाण्यांतही ती जागा आपोआप ऐकू येते.

पायरी ५ : ‘चेंजेस’ची मात्रा मोजा

जुन्या येसचा शोध घेणाऱ्याने इथे यावं. ‘चेंजेस’ची प्रस्तावना अ‍ॅलन व्हाईटने रचलेली आहे आणि ती चारात बसत नाही. पहिल्यांदा टाळी दिलीत की तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला हात लटका पडतो. त्या वेळी पुढची रीत वापरा.

आधी टाळी विसरा. कीबोर्डवरची फिरून फिरून येणारी आकृती ऐका आणि ती जिथे पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटते, तिथे मांडीवर एक थाप द्या. ही तुमची सम. चार-पाच आवर्तनं फक्त समेवर थाप द्या, मधलं काही मोजू नका. सम पक्की झाली की दोन समांमधले सगळ्यात बारीक ठोके बोटांच्या पेरांवर मोजा, तबला शिकणारी मुलं मोजतात तसे. आलेला आकडा वहीत लिहा. पुढच्या आवर्तनाचा आकडा वेगळा आला तर घाबरू नका, तोही लिहा. दोन असमान तुकडे मिळून एक मोठं आवर्तन होतं, ही प्रोग रॉकची जुनी खोड आहे. दोन्हींची बेरीज करा आणि ती बेरीज पुढे टिकते का ते पाहा. आकडे मी इथे देत नाही, कारण दिले तर तुम्ही ऐकण्याऐवजी ताडून पाहाल. झपताल किंवा रूपक ज्यांच्या अंगात आहे, त्यांना हे काम इतरांपेक्षा लवकर जमतं. असमान खंडांचा ताल त्यांना परका नसतो.

प्रस्तावना संपून गाणं सुरू होतं तिथे ठेका सरळ होतो आणि हात सुटतो. हा सुटकेचा क्षण नीट अनुभवा. पॉपचा सरळ ठेका इथे एखाद्या चढणीनंतरच्या सपाटीसारखा येतो. आधीची चढण नसती तर तो नुसता सरळ ठेका राहिला असता. आणि शेवटाकडे काय परत येतं, तेही ऐका.

‘होल्ड ऑन’मध्ये उलट प्रकार आहे. तिथे तीन-तीनच्या झोक्यावर गाणं डुलतं आणि मध्येच वाद्यं गप्प होऊन नुसते गळे उरतात. टाळी तेव्हाही थांबवू नका. गाणाऱ्यांच्या अंगात लय किती घट्ट बसली आहे, ते त्या मोकळ्या जागेत कळतं.

पायरी ६ : गळे वेगळे करा

या आल्बममध्ये तीन मुख्य गळे आहेत. अँडरसनचा आवाज पातळ, उंच, टोकदार. रॅबिनचा जरा भरलेला, अमेरिकन रेडिओवरच्या रॉक गायकासारखा. स्क्वायरचा त्यांच्या मधून जाणारा. कोण कुठे गातंय हे ओळखता आलं की आल्बमचं कोडं अर्धं सुटतं, कारण ही गाणी मुळात अँडरसनसाठी रचलेली नव्हती.

सरावासाठी ‘लीव्ह इट’ घ्या. सुरुवातीला वाद्यं नाहीतच. गळ्यांवर गळे रचलेले आहेत आणि काही ठिकाणी गळेच वाद्याचं काम करतात. २००४च्या आवृत्तीत याच गाण्याची फक्त गळ्यांची आवृत्ती आहे, ती आता लावा. मग मूळ गाणं, मग पुन्हा गळ्यांची आवृत्ती. या तीन फेऱ्यांनंतर वाद्यांच्या गर्दीतही खालचा आवाज सुटा ऐकू यायला लागतो. या गाण्याचा व्हिडिओ गॉडली आणि क्रीम या जोडीने केला, त्याच्या अठरा आवृत्त्या काढल्या आणि त्यात बँडला उलटं उभं दाखवलं. जमला तर पाहा, पण ऐकून झाल्यावरच.

मग ‘इट कॅन हॅपन’. सुरुवात सतार आणि तानपुऱ्याने होते आणि आपण सावध होऊन बसतो. मला वाटतं, इथे अपेक्षा आवरावी. या सतारीत राग शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तिचा उपयोग रंगापुरता आहे आणि पुढचं गाणं सरळ रॉकचं आहे. योगानंदांची तळटीप वाचून ऐंशी मिनिटांचा प्रवास करणाऱ्या बँडने दहा वर्षांनी भारताला काही सेकंदांची जागा दिली, हे मात्र जाणवतं.

या गाण्याचा खरा धडा पुढे आहे. जादा तुकड्यांत याच गाण्याची ‘सिनेमा’ काळातली आवृत्ती आहे, अँडरसन येण्याच्या आधीची. दोन्ही पाठोपाठ ऐका. पहिल्या पायरीतला क्रम आठवतोय ना? आधीची आवृत्ती एका चांगल्या, नेटक्या रॉक बँडची आहे, तिच्यात चूक काढायला जागा नाही. नंतरच्या आवृत्तीत अँडरसन वरून येतो आणि गाणं जमिनीपासून हातभर उचललं जातं. येस हे नाव नेमकं कशाला म्हणायचं, या प्रश्नावर चाहते चाळीस वर्षं भांडत आले आहेत. ही दोन मुद्रणं एकामागोमाग ऐकली की उत्तराचा मोठा भाग कानालाच मिळतो.

पायरी ७ : दुसरी बाजू

‘सिनेमा’ दोन मिनिटांचा वादनाचा तुकडा आहे. १९८५मध्ये त्याला सर्वोत्तम रॉक वादनाचा ग्रॅमी मिळाला. ज्या आल्बमला लोक पॉप म्हणून नाकारत होते, त्यातल्या एका शब्दही नसलेल्या तुकड्याला हा मान मिळाला, याचा मला अजून आनंद होतो. यात बेस कुठे जातो ते ऐका. दुसऱ्या पायरीतली पहिली खूण इथे सगळ्यात ठळक आहे.

‘अवर साँग’मध्ये अमेरिकेतल्या टोलीडो शहराचं नाव येतं. बँड दौऱ्यावर असताना तिथे झालेल्या कार्यक्रमाची ही आठवण आहे. गाणं उत्साही आहे, पण घाईतलं. ‘सिटी ऑफ लव्ह’ मला आल्बमचा सगळ्यात कच्चा भाग वाटतो. जड गिटार आहे, पण ती कुठे नेत नाही. ही दोन्ही एकदाच ऐकलीत तरी काही बिघडत नाही.

‘हार्ट्स’ला मात्र पूर्ण लक्ष द्या. साडेसात मिनिटांचं हे गाणं आल्बममध्ये सगळ्यात लांब आहे. दोन गळे वेगवेगळ्या ओळी घेऊन एकमेकांसमोर चालतात, कधी एकाची ओळ पुढे, कधी दुसऱ्याची. पहिल्या फेरीत फक्त अँडरसनच्या मागे जा, दुसऱ्या फेरीत फक्त दुसऱ्या गळ्याच्या, तिसऱ्या फेरीत दोन्ही सोडून द्या. ‘क्लोज टू द एज’मधली आवाजांची वीण इथे परत भेटते. फरक इतकाच, की पावणेएकोणीस मिनिटांऐवजी साडेसात मिनिटांत.

लांबी कमी झाली म्हणजे खोली गेली, हे आपण आपल्या संगीताबाबत कधीच मानलं नाही. मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँ साहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. मैफलीत तासभर चालणारी गोष्ट त्यांनी तेवढ्यात मांडली आणि आजही गाणारे त्या तबकड्यांकडे धडा म्हणून पाहतात. त्यांच्यावर मर्यादा यंत्राची होती. येसने मर्यादा स्वतः ओढवून घेतली, रेडिओ आणि एमटीव्हीसाठी. कारणं वेगळी आहेत, पण ऐकणाऱ्याला प्रश्न तोच विचारायचा असतो : तेवढ्या जागेत काय बसवलं?

पायरी ८ : कच्चं काम पाहा

तिसऱ्या संध्याकाळी ‘९०१२४’ शोधा. नावातला शेवटचा आकडा एकाने कमी आहे. रॅबिनने २००३मध्ये प्रसिद्ध केलेला हा संग्रह म्हणजे त्याची सुरुवातीची मुद्रणं. त्यातलं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ लावा. चाल ओळखू येते, गिटारची आकृती ओळखू येते, आणि तरी हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं असतं असं वाटत नाही. आता चौथ्या पायरीची वही उघडा. खोल्या बदलणं, फटके, उसना ठेका, यांतलं काय काय इथे नाही याची यादी करा. ती यादी म्हणजे हॉर्नचं काम. हे गाणं करायलाच हवं, असा आग्रह त्यानेच धरला होता.

‘चेंजेस’चंही सुरुवातीचं मुद्रण त्यात आहे. इथे तुलना उलट्या दिशेने करा : रॅबिनच्या मूळ गाण्यात काय आधीपासून होतं आणि बँडने त्याभोवती काय उभं केलं. व्हाईटची प्रस्तावना गाण्याला किती उंचीवर नेऊन ठेवते, ते तेव्हा कळतं.

पायरी ९ : काय हरवलं तेही लिहा

हा आल्बम मला प्रिय आहे, पण त्याची किंमत मोजली गेली आहे. स्टीव्ह हाऊची गिटार एकाच रचनेत पाश्चात्त्य शास्त्रीय, अमेरिकन कंट्री आणि विजेच्या आवाजात बोलायची, तिची जागा इथे रिकामी आहे. कीबोर्डचा बराच भाग रॅबिननेच वाजवला. तो नीटस आहे, पण वेकमनचा चर्च-ऑर्गन जसा रचनेचं छत उचलायचा, तसं काही इथे घडत नाही. शब्दही बदलले. अँडरसनचे जुने शब्द कळायचे नाहीत, पण त्यांत हरवता यायचं. इथले कळतात आणि पुष्कळदा तिथेच संपतात. तुमच्या यादीत आणखी काही येईल. यादी लांब झाली तरी आल्बम वाईट ठरत नाही, तुम्ही नीट ऐकलंत इतकंच ठरतं.

पायरी १० : इथून पुढे

त्या काळात या वळणावर येस एकटं नव्हतं. जेनेसिस हा दुसरा इंग्लिश प्रोग बँड घ्यायचा तर त्यांचा १९८६चा ‘इनव्हिजिबल टच’ घ्या, पण नावाच्या गाण्यावर न थांबता थेट ‘डॉमिनो’ लावा. दहा मिनिटांची जुनी जेनेसिस त्या पॉप आल्बमच्या पोटात बसलेली आहे. एशियाचा १९८२चा पहिला आल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. तिथे हाऊ आहे, डाऊन्स आहे, गाणी गुळगुळीत आहेत. तो ‘९०१२५’च्या आधी आला असूनही मला जुना वाटतो, कारण त्यात स्टुडिओने कुठलाच धोका पत्करलेला नाही. रश या कॅनडाच्या बँडचा १९८२चा ‘सिग्नल्स’ मात्र जरूर ऐका. कीबोर्ड पुढे आले तरी नील पिअर्टचे ड्रम पाचव्या पायरीची वही भरून टाकतील.

येसचा पुढचा ‘बिग जनरेटर’ १९८७मध्ये आला. तो शेवटी ठेवा, आणि एकदा ऐकून झाला की लगेच ‘ओनर’ लावा, टाळी देत.